उलटा भोंगा

ज्योत्स्ना ओहोळ भित्री आहे, हे निमगाव केतकीत तिच्या आळीला ठाऊक होतं आणि तिनंही ते कधी नाकारलं नाही. लहानपणी कालव्याच्या पुलावरून शाळेत जाताना बाकीच्या पोरी कठड्यावर बसून बोरं खायच्या. ही मात्र पुलाच्या मधोमध, नाकासमोर बघत चालायची. गाडीनं हॉर्न वाजवला तरी कडेला व्हायची नाही, कारण कडेला पाणी होतं. घरात मिक्सर लावायचा तर पायात चप्पल घालून लावायची. पुढं इंजिनियर झाली, बारामतीत नोकरीला लागली, खोली घेऊन राहू लागली, तरी कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायची सवय काही सुटली नाही. तिची आई सरुबाई म्हणायची, "हिच्या पोटात कुनीतरी चिमनी कोंडलीया. सारखी फडफड, सारखी फडफड."

बारामतीच्या एमआयडीसीत ऋषिराज नावाच्या माणसाचं छोटंसं वर्कशॉप होतं, तिथं ती कामाला होती. कोल्ड स्टोरेजमध्ये आणि डेअऱ्यांमध्ये थंडाव्यासाठी पाइपांतून अमोनिया वायू फिरवतात. तो सुटला तर डोळे जातात, छाती जळते, माणूस मरतोसुद्धा. म्हणून ऋषिराज गळतीची वर्दी देणारे डबे बनवायचा. डब्यात एक लहानसा कॉम्प्युटर, त्याला लांब लांब वायरींनी जोडलेले सेन्सर. गॅस सुटला की भोंगा वाजायचा आणि मग आवाज यायचा, गळती कुठं झालीय आणि कोणत्या दारानं बाहेर पडायचं. तो आवाज ज्योत्स्नाचाच होता. ऋषिराजच्या केबिनमध्ये पंखा बंद करून, दार लावून तिनं ती वाक्यं मोबाईलवर बोलून दिली होती. घाबरट माणसाचा आवाज आहे हे कुणाला कळू नये म्हणून तिनं ती मुद्दाम सावकाश, ठणठणीत म्हटली होती.

तिचं खरं काम मात्र कॉम्प्युटरच्या पोटातलं होतं. एकदा सुट्टीत ती घरी आली असताना सरुबाईनं विचारलं, "दिसभर तू करतीस तरी काय गं तितं?"

"कर्नलला सांगते, कुठल्या वायरीला काय जोडलंय ते."

"मिलट्रीतला व्हय?"

ज्योत्स्ना हसली. "न्हाय गं. कॉम्प्युटरच्या अगदी आतला जो प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळं त्याला विचारून चालतं. आता माऊस बघ, तो खोचला की स्वतःच सांगतो, मी माऊस आलोय. पण आमचे सेन्सर असतात सिरियल पोर्टवर. ती साधी वायर. त्या वायरीवरून नुसते आकडे येत राहतात. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कर्नलला काही कळत नाही. मग मी त्याला एका फाईलमध्ये आधीच लिहून देते. या पोर्टवर गॅसचा सेन्सर आहे, तो या वेगानं बोलतो, वीज इथून घेतो आणि तो अमक्या जागी लावलाय."

"आन तू चुकीचं लिवलंस मंजी?"

"तर कर्नल तेच खरं धरून चालतो."

सरुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मग नीट लिवत जा बाई."

ज्योत्स्ना नीटच लिहायची. एकदा लिहिलं की पुन्हा वाचायची, मग चहा पिऊन पुन्हा वाचायची. म्हणूनच सरुबाई जिथं डाळिंबं निवडायला जायची, त्या निमगावच्या अलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दिवाळीच्या आधी ऋषिराजनं डबा बसवला तेव्हा ज्योत्स्नाला फार बरं वाटलं होतं. आईच्या डोक्यावरून अमोनियाचे पाइप जातात या विचारानं तिला आजवर कितीदा झोप लागली नव्हती. आता निदान वर्दी तरी मिळणार होती.

त्या कोल्ड स्टोरेजची रचना साधी होती. एक लांबलचक हॉल, त्यात बायका बसून डाळिंबं निवडायच्या. एका टोकाला पुढचं मोठं दार, तिथं गाड्या लागायच्या. दुसऱ्या टोकाला मागचं दार आणि त्याला खेटून मशीन रूम. मशीन रूममधून निघालेले पाइप हॉलच्या छताखालून पुढच्या दारापर्यंत गेले होते, कारण थंड खोल्या तिकडं होत्या. सेन्सर दोनच होते, अगदी एकसारखे. एक मशीन रूममध्ये, एक हॉलमध्ये पुढच्या दारावरच्या पाइपांपाशी. मशीन रूममध्ये गळती झाली तर डबा सांगणार, पुढच्या दारानं बाहेर पडा. पुढं गळती झाली तर सांगणार, मागच्या दारानं पडा. यात गोंधळ होण्यासारखं काही नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी ज्योत्स्ना काटेवाडीच्या एका डेअरीसाठी नवा डबा तयार करत होती. दोन सेन्सर हवे होते, पण एकच आला होता. दुसरा येईपर्यंत एकावर तपासून घेऊ, असं म्हणून तिनं तो ज्या पोर्टवर हॉलचा सेन्सर लागतो त्या पोर्टला जोडला. अमोनियाच्या पाण्याच्या बाटलीत कापूस बुडवला आणि सेन्सरजवळ धरला. पडद्यावर आकडा चढायला लागला. पण तो चढत होता 'मशीन रूम' या नावापुढं.

तिला वाटलं, आपणच चुकीच्या पोर्टला जोडलं. वायर काढली, पाहिली, पुन्हा जोडली. कापूस धरला. मशीन रूम.

मग तिनं सेन्सर दुसऱ्या पोर्टला लावला. आता पडद्यावर 'हॉल' आलं.

ती खुर्चीत बसली ती उठेचना. तिला कळलं होतं काय झालंय ते. डब्यातल्या कॉम्प्युटरचं जुनं बोर्ड कंपनीनं बनवायचं बंद केलं होतं आणि दिवाळीच्या थोडं आधीपासून नवं येत होतं. आकार तोच, भोकं तीच, पोर्टही त्याच जागी. पण आतून त्यांनी दोन पोर्टांच्या रेषा एकमेकींना ओलांडून नेल्या होत्या. ज्योत्स्नानं कर्नलला दिलेलं वर्णन जुन्या बोर्डाचंच राहिलं होतं. तपासलं होतं, नाही असं नाही. पण तेव्हा दोन्ही सेन्सर टेबलावर शेजारी शेजारी पडले होते, एकच कापूस दोघांवरून फिरवला, दोन्ही आकडे चढले आणि तिनं 'ओके' म्हणून डबा बंद केला. कुलूप परत परत ओढून बघणाऱ्या बाईनं एवढंच ओढून बघितलं नव्हतं.

आणि नव्या बोर्डाचा पहिला डबा गेला होता निमगावला.

तिनं ऋषिराजला फोन लावला. तो पुण्याला गेला होता. तिनं सगळं एका दमात सांगितलं, आणि विचारलं, "सर, निमगावचा डबा तुम्हीच बसवलात ना? तिथं एकेक सेन्सर वेगळा तपासला होता का?"

"तपासला असणार गं." तो थांबला. "एक मिनिट. पहिल्यांदा काहीतरी उलटं दिसत होतं खरं. मला वाटलं माझ्याच वायरी चुकल्या. मग मी बदलल्या बहुतेक."

"बहुतेक?"

"दिवाळीची घाई होती, ज्योत्स्ना. बदलल्या असतील. नाही आठवत नक्की. उद्या मी येतो, मग दोघं जाऊन बघू."

फोन ठेवल्यावर तिची भीती दुप्पट झाली. सरांनी वायरी बदलल्या असतील तर उलट्याचं उलटं होऊन निमगावचा डबा बरोबर होता. बदलल्या नसतील तर तो माणसांना थेट गॅसमध्ये पाठवणार होता. इथं बसून नवी फाईल पाठवणं हातातलं काम होतं. पण डबा बरोबर असेल तर ती फाईलच त्याला चुकवणार. म्हणजे पाठवावी तरी भीती आणि न पाठवावी तरी भीती.

मग तिनं कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर संभाजीराव यांना फोन केला. मागून गाडी मागं घेताना वाजणारी पिपाणी ऐकू येत होती.

"मॅडम, आज कंटेनर लागलाय," संभाजीराव म्हणाले. "बायका कामावं बसल्यात. आज कुनाला उठवायचं न्हाय आन डबाबी बंद करायचा न्हाय. उद्या या तुमी, निवांत बघा."

"अहो, पण गळती झाली तर डबा कदाचित…"

"हितं कुटं गळती झालीया? उद्या या."

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसापुढं तिच्या तोंडून नेहमी हाच एक शब्द निघायचा.

तिनं आईला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. हॉलमध्ये फोन न्यायला बंदी होती. तो खुंटीला टांगलेल्या पिशवीत वाजत असणार, हे तिला माहीत होतं, तरी ती लावत राहिली. शेवटी तिनं अमोनियाच्या पाण्याची बाटली आणि कापूस पर्समध्ये टाकला, लॅपटॉप घेतला आणि इंदापूरची एसटी पकडली.

रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला एकेक ट्रॅक्टर बसपुढं हत्तीसारखा डुलत चालला होता आणि ड्रायव्हरला ओव्हरटेक करता येत नव्हतं. एरवी ओव्हरटेकच्या नुसत्या कल्पनेनं ज्योत्स्ना डोळे मिटून घ्यायची. आज तिला वाटत होतं, काढ की रे बाबा पुढं. काटेवाडी गेली. भवानीनगरला कारखान्यापाशी बस अडकून पडली. मळीचा वास खिडकीतून आत आला. हॉलमध्ये अमोनियाचा थोडासा वास नेहमीच असतो, बायकांना त्याची सवय झालीय, हे तिला आठवलं. म्हणजे खरंच सुटला तरी पहिल्यांदा कुणी उठणार नाही. उठतील ते भोंगा ऐकून. भोंगा सांगेल तिकडं जातील.

"बरं न्हाय का वाटत?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं. "पार पांढरी फटक पडलीस की."

"काही नाही, आजी."

"माहेराला निगालीस का?"

"आईकडं," ती म्हणाली, आणि हे शब्द उच्चारल्यावर तिला रडू यायला लागलं. खिडकीकडं तोंड करून ती त्रिशरण पुटपुटायला लागली. लहानपणी पुलावरून जाताना ती हेच करायची. लासुर्णे येईपर्यंत ओठ हलत होते, पण मन शब्दांवर नव्हतंच. सरांनी वायरी बदलल्या असतील. बदलल्या नसतील. बदलल्या असतील.

ती पोचली तेव्हा दुपारची उन्हं कलायला लागली होती. पुढच्या दाराशी कंटेनर उभा होता. संभाजीरावांनी तिला बघून कपाळाला हात लावला. "आलाच का शेवटी?"

"पाच-दहा मिनिटं द्या. मागूनच बघते. कुणाला उठवत नाही."

"मागनं जावा, भिताडाच्या कडंनं. हितनं माल चाललाय."

भिंतीच्या कडेनं ती मागच्या आवारात आली. मशीन रूमच्या दाराबाहेर विकी नावाचा मशीन ऑपरेटर उन्हात स्टूल टाकून बसला होता. त्याच्या बाजूला भिंतीवर गॅसचा मास्क लटकत होता. मागच्या उघड्या दारातून तिला हॉल दिसला. डाळिंबांचे ढीग, रंगीत पदर आणि दूरवर, पुढच्या दाराच्या बाजूला, आईचं हिरवं लुगडं. सरुबाई आज पुढच्या टोकाला बसली होती. तिच्याशेजारी तिची कामावरची मैत्रीण झुंबर. दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. ज्योत्स्नानं सुस्कारा सोडला, पर्स उघडली आणि बाटली काढली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

तिला पहिल्यांदा वाटलं, बाटलीचं बूच ढिलं झालं आणि आपल्यामुळंच वाजला. पण बूच घट्ट होतं. आणि मग छताच्या कर्ण्यातून तिचाच आवाज आला, सावकाश, ठणठणीत.

"मशीन रूममध्ये गळती. सर्वांनी पुढच्या दाराने बाहेर पडा. मशीन रूममध्ये गळती. सर्वांनी पुढच्या दाराने बाहेर पडा."

विकी स्टुलासकट उलटा झाला, उठला, मास्क ओढून घेतला आणि आवाराच्या पार टोकाला पळाला. "लांब व्हा, मॅडम! लांब व्हा!" तो तिथून ओरडत होता. हॉलमध्ये बायका उठल्या. पाट्या कलंडल्या, डाळिंबं गडगडत सुटली. सगळ्या पाठी पुढच्या दाराकडं निघाल्या.

ज्योत्स्ना जागची हलली नाही. नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं. वास होता. पण तो कुठून येतोय ते कळेना. छताखालचे पंखे हवा घुसळत होते, सगळीकडं तोच वास. आता तिला ओरडायला हवं होतं. पण काय ओरडणार? परत फिरा म्हणून ओरडली आणि सरांनी खरंच वायरी बदललेल्या असल्या तर? तर गळती इथंच, या दारामागं होती, आणि ती सगळ्यांना पुढच्या मोकळ्या हवेतून इथं बोलावून मारणार होती. न ओरडावं तर आई चाललीच होती पुढच्या दाराकडं.

मशीन रूमचं दार तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतं. त्याची काच आतून तेलकट झालेली, पलीकडचं काही दिसत नव्हतं. बघायचं तर उघडूनच.

तिनं अमोनियाची बाटली खाली ठेवली, पर्समधली प्यायच्या पाण्याची बाटली ओढणीवर ओतली, ओली ओढणी नाकातोंडावर दाबली, कडी ओढली आणि आत शिरली. आत मशीनचा घणघणाट चालला होता. ती श्वास रोखून उभी राहिली. श्वास रोखून काही कळणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. त्यासाठी तो घ्यायला हवा होता. कालव्याच्या पाण्याकडंसुद्धा कधी वाकून न बघितलेल्या त्या बाईनं ओढणी खाली केली, डोळे गच्च मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

तेलाचा वास. तापलेल्या लोखंडाचा वास. बाकी काही नाही.

तिनं आणखी एकदा घेतला. काही नाही. इथली हवा बाहेरच्याहून चांगली होती.

"विकी!" ती बाहेर येऊन किंचाळली. "आत गॅस नाही! गळती पुढं आहे! मेन व्हॉल्व्ह बंद कर!"

"येडं लागलंय का तुमाला? भोंगा काय बोलतोय त्यो आयकू येत न्हाय?"

"भोंगा माझाच आहे! तो खोटं बोलतोय! मी आत जाऊन आले, बघ, उभी आहे ना मी!"

विकी तिच्याकडं बघत राहिला. ती थांबली नाही. ती हॉलमध्ये धावली. "माघारी फिरा! मागच्या दारानं चला!" तिनं घसा फोडला. पण कर्ण्यातला तिचाच आवाज तिच्यापेक्षा मोठा होता. तो शांतपणे बायकांना पुढं पाठवत होता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाइपांखाली, पांढुरकं धुकं उतरायला लागलं होतं. पहिल्या बायका त्यात शिरल्या होत्या. कुणी खोकत होतं, कुणी किंचाळत होतं, आणि मागच्या त्यांना ढकलत होत्या.

डबा मागच्या दाराशेजारीच भिंतीवर होता. ज्योत्स्नानं त्याची वायर दोन्ही हातांनी धरली आणि अंगाचं वजन टाकून उपटली. डबा भिंतीपासून सुटून लोंबकळला आणि कर्णा एकदम मुका झाला.

"मागं या!" ती ओरडली. "मागं हवा आहे! मागं या!"

या वेळी ऐकू गेलं. मागच्या बायका वळल्या आणि त्यांच्या मागोमाग बाकीच्या. पदर तोंडावर धरून, एकमेकींचे हात धरून त्या तिच्या अंगावरून बाहेर पळाल्या. ज्योत्स्ना दाराला चिकटून एकेक चेहरा बघत होती. हिरवं लुगडं त्यांत नव्हतं.

"आई!"

ती पुढं निघाली. काही पावलं टाकल्यावर डोळ्यांत कुणी तिखट फेकल्यासारखं झालं. ओली ओढणी तोंडावर होती तरी घसा आवळला गेला. पुढचं धूसर दिसत होतं. त्या धूसरातून सरुबाई पाठमोरी येताना दिसली. वाकून, मागं मागं सरकत, ती झुंबरला काखेत हात घालून फरफटत आणत होती. झुंबर खाली पडली होती आणि तिला उठता येत नव्हतं. ज्योत्स्नानं झुंबरचे पाय उचलले. तिघी मागच्या दारापर्यंत कशा आल्या, ते तिला नंतर कधी आठवलं नाही. एवढंच आठवतं, की दारापाशी येता येता वरच्या पाइपातली फुसफुस बारीक होत होत थांबली. विकी मशीन रूममध्ये गेला होता. व्हॉल्व्ह त्यानं बंद केला होता.

आवारातल्या पाण्याच्या टाकीवर बायका डोळे धूत होत्या. संभाजीराव पुढून वळसा घालून धावत आले. त्यांचाही चेहरा लाल झाला होता. त्यांनी स्वतः झुंबरला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि इंदापूरला दवाखान्यात नेलं. सरुबाई आणि आणखी काही जणी मागच्या गाडीत होत्या. ज्योत्स्ना आईचा हात धरून बसली होती. सरुबाईला बोलता येत नव्हतं, नुसता घरघर आवाज यायचा.

संध्याकाळी ऋषिराज पुण्याहून परस्पर कोल्ड स्टोरेजला गेला आणि तिथून दवाखान्यात आला. "वायरी बदललेल्या नव्हत्या," तो म्हणाला. संभाजीराव बाकावर डोकं धरून बसले होते. "मी तुमाला उद्या या म्हनलो, मॅडम," ते म्हणाले.

दवाखान्याच्या आवारात बायका आणि त्यांच्या घरचे जमले होते. त्यांना वाटत होतं, गळतीच तशी विचित्र झाली. ज्योत्स्नाला वाटलं असतं तर ते तसंच राहिलं असतं. तिच्या पोटातली चिमणी सांगत होती, गप बस, आता कशाला. पण झुंबरच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ज्योत्स्ना उभी राहिली आणि तिनं सांगितलं, की भोंग्यानं तुम्हाला उलट्या दारानं पाठवलं. कुठल्या वायरीवर कुठला सेन्सर आहे, ते लिहिण्यात चूक झाली. ते मी लिहिलं होतं.

मग झुंबरचा नवरा म्हणाला, "तुज्या आवाजावं इस्वास ठिवून पळाली माजी बायकू."

ती खाली मान घालून उभी राहिली. कुणीतरी त्याला बाजूला नेलं. विकी म्हणाला, "पर आत आधी त्या गेल्या, मी न्हाय." ते कुणी फारसं ऐकलं नाही, आणि ज्योत्स्नालाही ते ऐकायचं नव्हतं.

झुंबरच्या पट्ट्या निघाल्या तेव्हा तिला दिसत होतं. तोवर ज्योत्स्ना दवाखान्यात येऊन-जाऊन होती. झुंबरच्या नवऱ्यानं पहिल्यांदा तिला दारातूनच परत पाठवलं, मग बघून न बघितल्यासारखं केलं, आणि शेवटी एकदा तिच्याकडं चहाचा कप सरकवला. सरुबाईचा घसा बरेच दिवस बसलेला होता. घरी ती खुणांनीच बोलायची.

कर्नलच्या फाईलमधली दुरुस्ती म्हणाल तर दोन शब्दांची. इकडचं नाव तिकडं, तिकडचं इकडं. ती करून झाल्यावर ज्योत्स्नानं ऋषिराजला शेजारी बसवून मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं नवं बोर्ड लावून गेलेले सगळे डबे बंद करून घेतले आणि दोघं एकेका गावी जाऊन, एकेका सेन्सरला वेगळा कापूस लावून ते पुन्हा सुरू करून आले. निमगावला संभाजीराव म्हणत होते, डबाच नको. पण बायकांनी सांगितलं, डबा हवा, नाहीतर आम्हाला कोण सांगणार? मात्र दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी तो आमच्यासमोर तपासायचा. कापूस आमच्यातली एक लावणार.

ज्योत्स्ना आता दर सोमवारी पहिल्या एसटीनं निमगावला येते. बायकांतली एक शिडीवर चढून सेन्सरला कापूस लावते आणि बाकीच्या खाली उभ्या राहून ऐकतात. भोंगा वाजून आवाज यायच्या मधल्या त्या क्षणात ज्योत्स्नाच्या छातीत इतकं धडधडतं, की तिला शिडी धरावी लागते. बरोबर जागेचं नाव आलं तरी ते लगेच थांबत नाही. बारामतीला परतेपर्यंत थांबत नाही. आधी ती कुत्र्यांना, पाण्याला, विजेला भ्यायची. आता ती स्वतःच्या लिहिण्याला भिते आणि ही भीती तिनं कुणाजवळ बोलून दाखवलेली नाही.

संक्रांतीनंतर झुंबर कामावर आली. थंडीत तिच्या डोळ्यांतून अजून पाणी गळायचं, ते ती पदरानं टिपत होती. त्या सोमवारी शिडीवर तीच चढली. दोन्ही सेन्सरना कापूस लावून, दोन्ही वेळा आवाज ऐकून ती खाली उतरली आणि ज्योत्स्नापुढं उभी राहिली.

"खरं बोलतंय का गं आता त्ये?"

"आज खरं बोलतंय," ज्योत्स्ना म्हणाली. "पुढच्या सोमवारी परत बघू."

झुंबरनं मान हलवली, पदर खोचला आणि मागच्या दाराजवळच्या ढिगापाशी जाऊन डाळिंबं निवडायला बसली.